तीव्र वेदना आणि हृदयाची वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारात बोट चेमटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि पाठोपाठ छातीत धडधड सुरू होते. बोट कुठे, हृदय कुठे! तरी एकाची बातमी दुसऱ्याला क्षणात पोचते. ती कशी पोचते, पोचल्यावर हृदयातल्या विद्युत् यंत्रणेत काय बदलतं आणि त्यातलं काळजीचं किती, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. माझ्यासारख्या भूल देणाऱ्याची नजर रोज रुग्णाच्या चेहऱ्यावर कमी आणि मॉनिटरवरच्या हिरव्या रेघेवर जास्त असते. त्यामुळे उत्तरांचा कल थोडा तिकडे झुकलेला दिसेल.

हृदयाची वीज म्हणजे नेमकं काय?

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याला सायनस नोड म्हणतात. त्या पेशींना कुणी हुकूम द्यावा लागत नाही. सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियमचे भारित कण आतबाहेर करत त्या स्वतःच ठरावीक वेळाने विद्युत् ठिणगी टाकतात. ठिणगी वरच्या कप्प्यांतून पसरते, मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर रेंगाळते आणि मग खालच्या कप्प्यांत वेगाने धावते. ईसीजीच्या पट्टीवर पहिला छोटा उंचवटा, म्हणजे पी, हा वरच्या कप्प्यांचा. मधला टोकदार क्यूआरएस खालच्या कप्प्यांचा. शेवटचा टी म्हणजे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा भारित होतानाची खूण.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सायनस नोडला पूर्ण मोकळं सोडलं तर तरुण माणसात तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. आपली शांत बसल्यावरची नाडी ७०च्या आसपास असते, कारण व्हेगस नावाच्या मज्जातंतूने त्याचा लगाम सतत ओढून धरलेला असतो. हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच सोपं होतं.

दुखताच ठोके का वाढतात?

दुखापतीची खबर दोन प्रकारच्या तंतूंनी निघते. जाडसर, वेष्टन असलेले ए-डेल्टा तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने ती नेतात. तीच पहिली तीक्ष्ण कळ. बारीक, उघडे सी तंतू सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर चालतात आणि मागाहून येणारा ठणका त्यांचा असतो. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी चमक आणि मग, श्वास घ्यायला फुरसत मिळावी इतक्या अंतराने, खरं दुखणं येतं ते यामुळे.

ही खबर पाठीच्या कण्यातून वर मेंदूकडे जाते, पण हृदयापर्यंत पोचायला ती विचार करणाऱ्या मेंदूची वाट पाहत नाही. मेंदूच्या देठात रक्तदाब आणि नाडी सांभाळणारी केंद्रं आहेत, त्यांना ती वाटेतच मिळते. तिथून दोन हुकूम सुटतात. पहिला व्हेगसला: लगाम सैल सोड. हा एका-दोन ठोक्यांत लागू होतो. दुसरा सिम्पथेटिक तंतूंना, जे छातीच्या वरच्या मणक्यांतून निघून हृदयाला भिडतात आणि तिथे नॉरअॅड्रेनलिन सोडतात. याला जोर धरायला काही सेकंद जातात. त्याच सुमारास मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रेनल ग्रंथी रक्तात अॅड्रेनलिन ओततात.

म्हणजे कळ उठल्यावरची पहिली धडधड ही टाच मारल्याची नसते, लगाम सुटल्याची असते. टाच मागून बसते.

पेशीच्या पातळीवर ही दोन्ही संप्रेरकं बीटा-१ नावाच्या ग्राहकांवर, म्हणजे त्यांना पकडणाऱ्या पेशीवरच्या ठरावीक जागांवर, बसतात. मग सायनस नोडमधला, ठिणगीची तयारी करणारा प्रवाह वाढतो आणि कॅल्शियमचे दरवाजे जास्त उघडतात. ठिणग्या लवकर लवकर पडू लागतात, एव्ही नोडपाशीचं रेंगाळणं कमी होतं, स्नायूचं आकुंचन जोरकस होतं. छाती फोडून हृदय बाहेर येईल असं वाटतं ते नुसत्या वेगामुळे नाही, या जोरामुळेही.

ज्यांच्यावर हृदयप्रत्यारोपण झालं आहे त्यांच्यात ही वाटणी उघडी पडते. नव्या हृदयाचे मज्जातंतू कापलेले असल्याने त्याची विश्रांतीतली नाडीच ९० ते ११० असते आणि अचानक दुखलं तरी ती लगेच उसळत नाही. रक्तातून अॅड्रेनलिन येऊन पोचलं की मगच, थोड्या वेळाने, हळूहळू चढते.

ईसीजीच्या पट्टीवर काय दिसतं?

बहुतेक वेळा एकच गोष्ट: सायनस टॅकिकार्डिया. नाव भारदस्त असलं तरी अर्थ साधा आहे. ठिणगी योग्य जागेवरूनच पडतेय, फक्त मिनिटाला १००हून जास्त वेळा.

पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकते, म्हणजे प्रत्येक छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा. वेदनेत दोन क्यूआरएसमधलं अंतर घटतं, पी आणि क्यूआरएस जवळ येतात, खूप वेग असेल तर पी आधीच्या टीवर चढून बसतो. क्यूआरएस आणि टी यांच्यामधला एसटी हा भाग किंचित खाली दबून वर चढणाऱ्या उताराचा होऊ शकतो आणि टी थोडा चपटा दिसू शकतो.

खरा घोळ क्यूटी, म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतच्या अंतराचा होतो. ठोके वाढले की क्यूटी आपोआप आखूड होतं, म्हणून वेगाचा हिशेब करून सुधारित आकडा काढतात. बहुतेक यंत्रं त्यासाठी बॅझेटचं १९२०चं सूत्र वापरतात आणि हे सूत्र जलद नाडीत आकडा फुगवतं. गणित करून पाहा. नाडी १२०, म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर अर्धा सेकंद. मोजलेलं क्यूटी ०.३४ सेकंद. बॅझेट क्यूटीला या अंतराच्या वर्गमूळाने भागतो आणि उत्तर येतं ०.४८, म्हणजे लांबलेलं. त्याच वर्षी फ्रिडेरिसिया यांनी मांडलेलं सूत्र घनमूळ घेतं आणि उत्तर येतं ०.४३, म्हणजे ठीक. माणूस तोच, पट्टी तीच. मुतखड्याने तळमळणाऱ्याच्या ईसीजीवर यंत्राने ‘क्यूटी लांबलेलं’ असं छापलं तर घाबरण्याआधी वेदना उतरवावी आणि पुन्हा पट्टी काढावी. निदान दुसऱ्या सूत्राने मोजून तरी पाहावं.

मग काही जणांची नाडी उलट मंदावते आणि ते कोसळतात, ते का?

कारण वेदना हृदयाकडे दोन्ही तारांनी बोलू शकते. बहुतेकांत लगाम सुटतो. काहींत, विशेषतः वेदनेला भीती, रक्त दिसणं किंवा खूप वेळ उभं राहणं यांची जोड मिळाली की, लगाम अचानक करकचून ओढला जातो.

याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी नाडी वाढते, तोंड पांढरंफटक पडतं, घाम फुटतो, मळमळतं, जांभया येतात. मग एकाएकी व्हेगस जोर धरतो आणि सिम्पथेटिक तंतू हात टेकतात. नाडी ५०, ४० अशी उतरते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो, डोळ्यांसमोर अंधारी येते. पट्टीवर एका पीपासून पुढच्या पीपर्यंतची अंतरं लांबत जातात आणि काही जणांत काही सेकंद रेघ चक्क सपाट राहते. नातेवाइकांच्या छातीत धस्स होणारा हा क्षण. या सेकंदांत हातपाय झटकेही देऊ शकतात आणि मग ‘फिट आली’ असा समज पसरतो. माणूस आडवा झाला की रक्त मेंदूकडे परततं आणि बहुतेक वेळा मिनिटाच्या आत शुद्ध येते.

म्हणूनच अशा माणसाला धरून उभं करू नये, खुर्चीत बसवून ठेवू नये, तोंडात पाणी ओतू नये. आडवं करावं, पाय उचलून धरावेत. ज्यांना रक्त तपासणीच्या वेळी हे नेहमी होतं त्यांनी आधीच सांगावं, आडवं होऊन सुई घ्यावी आणि घेरी येतेय असं वाटताच मांड्या, पोट आणि दंडांचे स्नायू घट्ट आवळून धरावेत. रक्तदाब सावरायला याने खरोखर मदत होते.

धडधाकट पैलवान सुईने कोसळतो तेव्हा आजूबाजूचे हसतात. हसण्यासारखं काही नसतं. ज्यांची नाडी मुळातच मंद, ज्यांचा व्हेगस तगडा, अशांतही हे होतं आणि त्याचा धैर्याशी संबंध नाही.

शरीराच्या कुठल्या भागात दुखतंय यावर काही अवलंबून असतं का?

असतं, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटतो.

कातडी, हाड, दात यांच्या वेदना साधारणपणे नाडी वाढवतात. पोकळ अवयव ताणले जाणं, पोटातल्या आवरणाला ओढ बसणं, वृषणांना मार लागणं, अशा वेदना पुष्कळदा व्हेगसला जागं करतात आणि नाडी उतरते. पित्ताशयाला सूज असलेल्या काही रुग्णांत पोटात भयंकर कळा असूनही नाडी मंद सापडते आणि ईसीजीत हृदयरुग्णासारखे बदल दिसतात. उलटही घडतं. हृदयाच्या खालच्या भिंतीला बसलेला झटका पोटाच्या वरच्या भागात दुखून ‘पित्त झालंय’ अशा वेशात येतो, सोबत मळमळ आणि मंद नाडी घेऊन. दोन्ही अवयवांच्या तंतूंचे रस्ते एकाच चौकात मिळतात, त्यामुळे पत्त्याचा गोंधळ होतो.

डोळ्याचा मामला आणखी वेगळा. डोळ्यावर दाब पडला किंवा डोळ्याचा स्नायू ओढला गेला की नाडी झपकन उतरते. हे १९०८ साली आश्नर आणि दान्यिनी यांनी स्वतंत्रपणे नोंदवलं. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत, विशेषतः लहान मुलांत, आम्ही याची वाटच पाहत असतो. मॉनिटरचा टिकटिक आवाज रेंगाळला की सर्जनला ‘सोडा जरा’ असं सांगायचं. स्नायू सोडला की नाडी काही सेकंदांत पूर्वपदावर येते.

पाठीच्या कण्याला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा वर जुनी इजा असेल तर चित्र धोकादायक होतं. इजेच्या खाली काही दुखतंय हे माणसाला जाणवतच नाही. पण तुंबलेलं मूत्राशय, रुतलेलं नख, पलंगावर पडून झालेली जखम यांची खबर इजेखालच्या कण्यात पोचते आणि तिथले सिम्पथेटिक तंतू बेलगाम सुटतात. रक्तदाब भयंकर चढतो, डोकं फुटतंय असं वाटतं, आणि मेंदू व्हेगसमार्फत हृदयाला दाबून धरू पाहतो म्हणून नाडी बहुधा मंदावते. अशा रुग्णाला आडवं करायचं नाही, बसतं करायचं. घट्ट कपडे सैल करायचे, लघवीची नळी पिळली गेलीय का ते बघायचं आणि तातडीने मदत बोलवायची.

नाडी मोजून दुखणं किती आहे ते ठरवता येतं का?

नाही. यावर माझं मत ठाम आहे.

नाडी वेदनेने वाढते तशी तापाने, रक्त गेल्याने, शरीरातलं पाणी कमी झाल्याने, भीतीने आणि औषधांनीही वाढते. आणि खरोखर भयंकर दुखत असूनही ती ७२ राहू शकते. बीटा ब्लॉकर, म्हणजे बीटा ग्राहक अडवून नाडी मंदावणारं औषध घेणारा रुग्ण, कित्येक वर्षांचा मधुमेह असून हृदयाचे तंतू झिजलेला रुग्ण, पेसमेकरवर चालणारा रुग्ण, रोज धावणारा माणूस, या कुणाच्याही नाडीवर वेदना नीट उमटत नाही. शिवाय शरीर सरावतं. तास-दोन तासांनी नाडी खाली येते, दुखणं तसंच असतं. ‘मॉनिटरवर तर सगळं नॉर्मल आहे, मग एवढं कण्हता कशाला’ हे वाक्य मी पुष्कळ ऐकलं आहे आणि ते दर वेळी चूकच होतं. बोलू शकणाऱ्या माणसाच्या वेदनेचं माप तो स्वतः सांगतो तेच.

नाडीच्या वेगापेक्षा तिच्यातली सूक्ष्म चढउतार जास्त बोलकी असते. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना किंचित संथ होतात, ही व्हेगसची करामत. तीव्र वेदनेत लगाम सुटल्यामुळे ही लय सपाट होते. भुलीत असलेल्या रुग्णाला वेदनाशामक पुरतंय का याचा अंदाज बांधणारी काही यंत्रं याच तत्त्वावर चालतात. उपयोगी आहेत, पण अंदाजच देतात.

भूल दिल्यावर वेदना जाणवत नाही, तरी हृदयाला कशी कळते?

जाणवणं हे मेंदूच्या वरच्या थराचं काम. खबर पोचणं हे कण्याचं आणि देठाचं. भुलीने वरचा थर झोपतो, खालच्या तारा बऱ्याच अंशी जाग्या असतात. म्हणून गाढ झोपलेल्या रुग्णाच्या कातडीवर पहिला छेद गेला की नाडी चढताना दिसते. नुसतं झोपवून भागत नाही, वेदनाशामक वेगळं द्यावं लागतं, ते यासाठी.

हे शहाणपण नवजात बाळांच्या बाबतीत उशिरा आलं. त्यांची मज्जासंस्था कच्ची, त्यांना काय दुखणार, असं एके काळी गंभीरपणे मानलं जाई. १९८७ साली के. जे. एस. आनंद आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अकाली जन्मलेल्या बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेत फेंटॅनिल हे तीव्र वेदनाशामक मिळालेल्या बाळांत ताणाच्या संप्रेरकांचा उसळा कमी होता आणि नंतरच्या रक्ताभिसरणाच्या गुंतागुंतीही कमी होत्या. ज्यांना ‘काही कळत नाही’ अशांच्या हृदयाला सगळं कळत होतं.

दुखत असताना ठोका चुकल्यासारखं वाटतं. गंभीर आहे का?

ठोका चुकत नाही, एक ठोका अवेळी येतो. अॅड्रेनलिनच्या भरात सायनस नोडखेरीज एखाद्या उतावळ्या पेशीने ठिणगी टाकली की तो अवेळी ठोका पडतो. त्यानंतर थोडी उसंत आणि मग जोराचा ठोका. तो धक्का आपल्याला जाणवतो. निरोगी हृदयात एखाद-दुसरा असा ठोका निरुपद्रवी असतो. लागोपाठ पडत असतील, सोबत घेरी किंवा छातीत दडपण असेल, आधीपासून हृदयविकार असेल, तर मात्र ईसीजी हवा.

वेदनेमुळे जिवावर बेतणारी अनियमितता होऊ शकते का?

निरोगी हृदयात जवळजवळ कधीच नाही. पण आधीच बारूद भरलेली असेल तर वेदना काडी लावू शकते. ती कशी, ते जरा तपशिलात पाहू.

एक म्हणजे कॅल्शियम. सिम्पथेटिक उसळीत पेशींत कॅल्शियम जास्त शिरतं. साठा ओसंडला की ठोका संपल्यावर पेशी मागाहून पुन्हा उसळते आणि नको तिथून ठिणगी पडते.

दुसरं पोटॅशियम. अॅड्रेनलिन रक्तातलं पोटॅशियम स्नायूंच्या पेशींत ढकलतं, त्यामुळे रक्तातली पातळी लिटरमागे अर्ध्या मिलिमोलपर्यंत, कधी त्याहून जास्त घसरते. उलट्या झालेल्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णात ती आधीच कमी असते. मग क्यूटी खरोखर लांबू शकतं.

तिसरं म्हणजे मागणी आणि पुरवठा. हृदयाच्या धमन्यांत रक्त भरतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत. नाडी वाढली की ही विश्रांतीच कापली जाते, आणि काम मात्र वाढलेलं असतं. धमनी अरुंद असेल तर स्नायू उपाशी पडतो आणि उपाशी स्नायूत वीज सरळ वाहत नाही, वाटेत गोल गोल फिरू लागते.

यात जन्मजात दोषांची भर पडते. लाँग क्यूटी या विकाराच्या पहिल्या प्रकारात पोटॅशियमचा जो दरवाजा जलद नाडीत जास्त उघडून क्यूटी आखूड करतो, तोच नादुरुस्त असतो. नाडी वाढते, क्यूटी आखूड होत नाही, आणि पुढचा ठोका आधीच्या टीवर आदळतो. दुसऱ्या प्रकारात अचानक दचकणं, गजराचा आवाज, धक्का हे कारण ठरतं. सीपीव्हीटी नावाच्या आणखी एका विकारात विश्रांतीतला ईसीजी अगदी नॉर्मल असतो आणि गडबड फक्त अॅड्रेनलिन चढल्यावर होते. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, कुणी पळताना, पोहताना किंवा घाबरल्यावर बेशुद्ध पडलं असेल, तर ‘दुखल्यामुळे चक्कर आली’ एवढ्यावर विषय मिटवू नये.

नुसत्या वेदनेने हार्ट अटॅक येतो का?

धमन्या आधीच खराब असतील तर वेदनेचा ताण निमित्त ठरू शकतो. पण धमन्या मोकळ्या असूनही अटॅकसारखंच चित्र उभं राहण्याचा एक प्रकार आहे: ताकोत्सुबो. जपानमध्ये हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी १९९० साली त्याचं वर्णन केलं. तीव्र ताणात हृदयाचं टोक हालेनासं होतं आणि फुग्यासारखं फुगतं, बूड मात्र जोरात आकुंचन पावत राहतं. त्या वेळचा हृदयाचा आकार जपानी कोळ्यांच्या अष्टपाद पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, त्यावरून हे नाव पडलं.

लोक याला ‘दुःखाने मोडलेलं हृदय’ म्हणतात. नाव काव्यमय आहे, पण अर्धंच खरं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १,७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदीत शारीरिक कारणं ३६ टक्के होती आणि भावनिक जवळपास २८ टक्के. शारीरिक कारणांत आजारपण, शस्त्रक्रिया, हाड मोडणं, तीव्र वेदना हे सगळं येतं. रुग्णांतल्या सुमारे ९० टक्के स्त्रिया होत्या, बहुतेक पाळी थांबलेल्या वयातल्या.

ईसीजीत सुरुवातीला एसटी वर उचललेला दिसू शकतो, हुबेहूब अटॅकसारखा. पुढच्या दोन-तीन दिवसांत टी खोल उलटे होतात आणि क्यूटी लांबतं. म्हणजे छाती दुखायची थांबल्यावरही विजेचा धोका शिल्लक असतो, म्हणून मॉनिटर लगेच काढत नाहीत. हृदयाचं आकुंचन बहुतेकांत काही आठवड्यांत सुधारतं. नुसता ईसीजी पाहून ताकोत्सुबो आणि अटॅक वेगळे करता येत नाहीत. धमन्यांची तपासणी करावीच लागते.

छातीत दुखतंय पण ईसीजी नॉर्मल आला. घरी जावं का?

पहिला ईसीजी नॉर्मल म्हणजे त्या दहा सेकंदांत काही पकडलं गेलं नाही, एवढंच. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी पोचल्यापासून १० मिनिटांत निघावा असा दंडक आहे, आणि दुखणं चालू राहिलं तर तो पुन्हा पुन्हा काढायचा असतो. हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका नेहमीच्या जागांवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडना नीट दिसत नाही, पाठीकडे इलेक्ट्रोड लावावे लागतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनची तपासणीही एकदा करून भागत नाही, काही तासांनी फिरून करतात. डॉक्टर ‘थांबा’ म्हणत असतील तर थांबा.

अचानक भयंकर डोकं दुखलं आणि ईसीजी बिघडलेला निघाला. हृदयाचा आजार समजायचा का?

सावधान. मिनिटाच्या आत शिगेला पोचणारी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते. अशा रक्तस्रावात खोल, रुंद, उलटे टी आणि लांबलेलं क्यूटी दिसतात, हे १९५४ साली बर्च आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. अशा वेळी ईसीजी पाहून हृदयाच्या मागे लागलं आणि रक्त पातळ करणारं औषध दिलं गेलं तर घात होतो. डोकेदुखी आधी होती हे सांगायला विसरू नका.

कळवळत असताना काढलेला ईसीजी चुकीचा येतो का?

चुकीचा नाही, पण गढूळ येतो. थरथरणारे, कुडकुडणारे स्नायूही वीज सोडतात आणि ती पट्टीवर काट्याकुट्यांसारखी उमटते. कधी कधी हे काटे इतके नियमित असतात की जीवघेण्या अनियमिततेचा भास होतो. ओळखायची एक युक्ती आहे. ईसीजीची प्रत्येक लीड म्हणजे शरीरावरच्या ठरावीक जागांमधून घेतलेली एक रेघ, आणि दोन नंबरची लीड उजवा हात आणि डावा पाय यांच्यातली असते. थरथर फक्त डाव्या हातात असेल तर ही एक लीड स्वच्छ राहते आणि बाकीच्यांत कल्लोळ दिसतो. खरी अनियमितता अशी लीड निवडून येत नाही.

वेदनेत माणूस भराभर श्वास घेतो, त्यानेही टी चपटे किंवा उलटे होऊ शकतात. सोबत तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. श्वास संथ झाला की दोन्ही जातं.

वेदनाशामक औषधांचा हृदयाच्या विजेवर परिणाम होतो का?

होतो. मेथाडोन क्यूटी लांबवतं, म्हणून ते देताना ईसीजीवर लक्ष ठेवतात. मॉर्फिन आणि फेंटॅनिलचा क्यूटीवर फारसा भार नाही, पण ती नाडी मंदावू शकतात. उलटीसाठी जोडीला दिलं जाणारं ऑन्डॅन्सेट्रॉन क्यूटी लांबवणाऱ्यांतलंच आहे. एका डोसने सहसा बिघडत नाही, पण पोटॅशियम कमी आणि तशीच आणखी दोन औषधं चालू असतील तर बेरीज होते.

बधिर करणाऱ्या औषधांची गंमत पाहा. लिग्नोकेन शिरेतून दिलं तर खालच्या कप्प्यांची अनियमितता आवरतं. त्याच घराण्यातलं ब्युपिव्हकेन चुकून शिरेत गेलं तर सोडियमचे दरवाजे इतके घट्ट धरून बसतं की हृदय थांबू शकतं. त्यावर शिरेतून चरबीचं मिश्रण देतात.

तरी ‘हृदयाला त्रास नको’ म्हणून वेदनाशामक टाळणं ही बहुतेकदा उलटी काळजी ठरते. न आवरलेली वेदना अरुंद धमन्यांच्या हृदयाला पुष्कळ वेळा जास्त महाग पडते. औषध कोणतं आणि किती, हे तुमचा हृदयविकार माहीत असलेल्या डॉक्टरांनी ठरवावं.

वेदना थांबल्यावर हृदय किती वेळात पूर्वपदावर येतं?

अॅड्रेनलिन रक्तात फार टिकत नाही, दोन-तीन मिनिटांत अर्धं होतं. त्यामुळे निखळलेला खांदा बसला किंवा मुतखडा सरकला की नाडी काही मिनिटांत उतरू लागते. वेदना गेली, रुग्ण शांत झोपलाय, आणि नाडी १२०च आहे, असं दिसलं तर मी अस्वस्थ होतो. मग शोधायचं असतं: रक्त कुठे जातंय का, ताप आहे का, पाणी कमी पडलंय का, फुप्फुसात गुठळी तर नाही?

जुनाट दुखण्यातही हेच होतं का?

तसंच नाही. महिनोन्‌महिने दुखणाऱ्या माणसात नाडी उसळलेली राहत नाही, पण श्वासाबरोबरची ती सूक्ष्म चढउतार कमी झालेली आढळते. विषय स्वतंत्र आहे.

मनगटावरच्या घड्याळाचा ईसीजी पुरेसा आहे का?

लय नियमित आहे की नाही, एवढ्यापुरता उपयोगी. ती एकच लीड असते, हृदयाकडे एकाच खिडकीतून पाहिल्यासारखी. अटॅक तिच्यात दिसेलच असं नाही, आणि घड्याळाने ‘सामान्य लय’ लिहिलं म्हणून छातीतल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये.

तातडीने कधी धावायचं, आणि डॉक्टरांना काय सांगायचं?

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, दम लागणं, आडवं केल्यावरही शुद्ध न येणं, धडधडीसोबत बेशुद्धी: यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका. माणूस हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर मदत बोलवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहा.

डॉक्टरांकडे पोचल्यावर औषधांची यादी द्या, जुना ईसीजी असेल तर तो दाखवा. आणि आधी काय झालं ते नेमकं सांगा: दुखलं आणि मग धडधडलं, की धडधडलं आणि मग दुखलं. गोंधळात हा क्रम पुष्कळदा उलटा सांगितला जातो, आणि पट्टीवर तो कुठेच छापलेला नसतो.